तोटा कोणाचा? उद्योजकतेचं शिक्षण आणि आपला जिल्हा



आयोजकांनी मला दिलेला विषय पत्रिकेवर दोन ओळींत मावला नाही. 'विद्यापीठांमधून प्रत्यक्ष कृतीद्वारे व आंतरविद्याशाखीय पद्धतीने उद्योजकतेचे शिक्षण.' मी त्यांना म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस, आयुष्यात कधी साधा पानठेला चालवला नाही, मला कशाला बोलावता? ते म्हणाले, सर, म्हणूनच. त्या 'म्हणूनच'चा अर्थ मी अजून लावतो आहे.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. तीन-चार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात उद्योजकता स्पर्धा होती. निवृत्त माणूस रिकामा असतो असा समज असल्यामुळे मला परीक्षक म्हणून बोलावलं. सभागृहात टेबलं मांडलेली, मागे फ्लेक्स, प्रत्येक गटाचं नाव इंग्रजीत. डबे घरपोच पोचवण्याचं ॲप होतं, जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीचं ॲप होतं, धानाच्या तुसापासून इंधनाच्या कांड्या करण्याची योजना होती. आणि एका कोपऱ्यात, सडक अर्जुनीकडची एक मुलगी मोहफुलांचे लाडू घेऊन बसली होती. चव उत्तम होती. मी विचारलं, "बाई, किती केलेस?" म्हणाली, "दोनशे, सर." "आणि विकले किती?" "साठ-सत्तर जातील." "मग उरलेल्यांचं काय?" "घरी नेईन." मी सहज विचारलं, "म्हणजे तोटा कोणाचा झाला?" ती जराही न थांबता म्हणाली, "आईचा, सर."

तिच्या आईने मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहाखाली वेचलेली, अंगणात वाळवलेली ती फुलं होती. आठवडी बाजारात व्यापाऱ्याला दिली असती तर चार पैसे हातात आले असते. ती लेकीच्या 'प्रोजेक्ट'साठी दिली गेली. माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत नावीन्य, सादरीकरण, बाजारपेठेची जाण, संघभावना असे रकाने होते. 'तोटा कोण सोसणार' असा रकाना नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही. पहिलं बक्षीस डब्यांच्या ॲपला गेलं. ॲप अजून तयारच झालेलं नव्हतं, पण पडद्यावर फार देखणं दिसत होतं. या मुलीला आम्ही दुसरं दिलं, टाळ्या वाजवल्या, आणि मी घरी आलो. रात्री जेवताना ते 'आईचा, सर' आठवलं आणि मग ते काही डोक्यातून गेलं नाही. आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या दोन शब्दांबद्दल आहे.

आता, आपल्याकडे कागदावर काय आहे ते आधी नीट पाहू. टीका करायची तर समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून करावी, हा आमच्या विषयातला जुना नियम आहे. पूर्वपक्ष आधी. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नवसंशोधन आणि उद्योगाला चालना देण्यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यावर 20 एप्रिल 2023 चा राज्याचा शासन निर्णय आला आणि पदवीची सगळी मांडणी बदलली: मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी जोडलेलं काम, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. पुढे 2024-25 पासून ते संलग्न महाविद्यालयांतही आलं. वाणिज्यच्या मुलाने वनस्पतिशास्त्राचं काही घ्यावं, मराठीच्या मुलीने हिशेब शिकावा, याला आता मोकळीक आहे. ही चांगली गोष्ट आहे. आमच्या वेळी तर्कशास्त्र शिकणाऱ्या पोराला प्रयोगशाळेच्या दारात उभं राहायचीही चोरी होती. तेव्हा 'जुनं तेच सोनं' म्हणणाऱ्यांत मला धरू नका.

पण प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास, हे गणित एकदा ठरलं की काय होतं ते बघा. दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. साठ तासांत 'उद्योजकता' बसवायची. मग काय बसतं? उद्योजकाचे गुण, उद्योजकाचे प्रकार, यशस्वी उद्योजकांच्या कथा, एक व्यवसाय आराखडा, आणि शेवटी पडद्यावरचं सादरीकरण. पोरं मेणबत्त्या करतात, कागदी पिशव्या करतात, दिवाळीत पणत्या रंगवून प्राध्यापकांनाच विकतात. हात चालतात, हे खरं. पण हात चालले म्हणजे अनुभव आला का?

जॉन ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञाचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हे पुस्तक 1916 चं. 'करून शिकणे' हे शब्द त्याच्या नावावर फार खपतात. त्याचं म्हणणं मात्र त्याहून अवघड आहे. तो म्हणतो की अनुभवाला दोन अंगं असतात, एक करण्याचं आणि दुसरं भोगण्याचं. तुम्ही काही करता, त्याचा परिणाम तुमच्यावर उलटून येतो, आणि या दोहोंचा संबंध तुमच्या ध्यानात येतो, तेव्हा तो अनुभव. नुसती हालचाल हा अनुभव नव्हे. लहान मूल ज्योतीत बोट घालतं, ती झाली कृती. भाजतं, आणि ज्योत आणि भाजणं यांचा संबंध त्याला कळतो, तिथे शिक्षण होतं. आता त्या मोहाच्या लाडवांकडे या. करणं लेकीकडे होतं, भोगणं आईकडे. आम्ही एकच अनुभव दोन माणसांत चिरून वाटून दिला आणि त्याला कृतिशील शिक्षण म्हटलं.

दुसरं नाव सांगतो, फ्रँक नाइट. अर्थशास्त्रज्ञ, 1921 सालचं त्याचं पुस्तक. त्याने जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. ज्याची शक्यता मोजता येते, विमा उतरवता येतो, ती जोखीम. ज्याची शक्यताच मोजता येत नाही, ती अनिश्चितता. उद्योजकाचा नफा येतो तो या दुसरीतून. आणि आपली शिक्षणव्यवस्था कशासाठी उभी आहे? अनिश्चितता घालवण्यासाठी! अभ्यासक्रम ठरलेला, प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरलेला, कोणत्या घटकाला किती गुण तेही ठरलेलं. त्यात एक शब्द बाहेरचा आला तर पोरं मोर्चा काढतात. (हशा.) हसू नका, मी स्वतः दोन मोर्च्यांना सामोरा गेलो आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. नागपूर ओलांडून पुढे गेलं की वर्धा. तिथे ऑक्टोबर 1937 मध्ये गांधींनी शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरवली. एखाद्या हस्तोद्योगातून सगळं शिक्षण द्यावं, आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, असा त्यांचा आग्रह. लगेच आक्षेप आले. ही शाळा की कारखाना? मुलांच्या श्रमावर शिक्षकाचा पगार काढणार का? झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना तयार केली, पण आर्थिक बाजूवर भर देताना शिक्षणाचा हेतूच मागे पडेल, हा धोका अहवालात स्पष्ट नोंदवला. मला हा वाद फार प्रामाणिक वाटतो. त्या मंडळींनी पैशाचा प्रश्न टेबलावर ठेवला होता. श्रम कोणाचे, माल कोणाचा, उत्पन्न कोणाचं, यावर ते भांडले. आज आमच्या स्पर्धांत या भांडणाला जागाच नाही.

नयी तालीमच्या लोकांनी शिकवण्याच्या पद्धतीला एक शब्द वापरला: समवाय. काम आणि ज्ञान यांचा समवाय. आता इथे माझ्या विषयातली थोडी पुराणं ऐकून घ्या, लांबवणार नाही. वैशेषिक दर्शनात दोन प्रकारचे संबंध सांगितले आहेत. एक संयोग. टेबलावर पुस्तक ठेवलं, हा संयोग. उचललं की संपला, टेबलही राहिलं, पुस्तकही राहिलं. दुसरा समवाय. तंतू आणि पट, म्हणजे सूत आणि कापड. सूत काढून घेतलं तर कापड उरत नाही. तो संबंध अतूट असतो. आपल्या विद्यापीठांतलं आंतरविद्याशाखीय शिक्षण हा अजून संयोग आहे. वेळापत्रकात वनस्पतिशास्त्राशेजारी व्यवस्थापन ठेवलं, परीक्षा झाली, उचललं, दोन्ही जसेच्या तसे. विषय शेजारी बसवून त्यांची सोयरीक होत नसते. अशी एखादी वस्तू शोधावी लागते, जिच्यात हे विषय सुतासारखे आधीच विणलेले आहेत.

अशी वस्तू आपल्या जिल्ह्यात पावलापावलावर आहे. तलाव.

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी भाषेत 'मामा' तलाव. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं कोणाच्या तरी मामाने खोदले. ते कोहळी समाजाच्या कौशल्याने उभे राहिले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. डोंगरांच्या मधल्या खिंडी पाहून पाळ घालायची, उतार ओळखायचा, सांडवा कुठे काढायचा ते ठरवायचं. यातलं काहीही त्यांनी महाविद्यालयात शिकलेलं नव्हतं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढे त्यातले बरेच जिल्हा परिषदेकडे आले. पाळ कोणी राखायची, गाळ कोणी काढायचा, या जबाबदाऱ्या पूर्वी गावात वाटलेल्या होत्या. त्या कार्यालयात गेल्या आणि तिथे फायलीत बसल्या.

आता एका तलावात काय काय आहे ते पाहा. पाणी शेतकऱ्याच्या धानासाठी. मासे ढिवरांच्या सहकारी संस्थेसाठी, त्यांचा ठेका असतो, त्याची रक्कम भरावी लागते. गुरं पाण्याला येतात. पाणी ओसरलं की काठावर गाळपेर होते. कडेला बेशरम माजते. बाहेरून आणलेलं कटला-रोहू-मृगळचं बीज सोडलं जातं, आणि मरळीसारखे इथले मासे कमी होत जातात, कारण ज्या पाणवनस्पतींच्या आसऱ्याने ते अंडी घालतात त्या वनस्पतीच गेलेल्या असतात. गेल्या काही वर्षांत अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या बायामाणसांनी गुडघाभर पाण्यात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि काही तलावांत देशी मासा परत येताना दिसला. कोणती वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. आमच्या प्राणिशास्त्र विभागात मरळ फॉर्मॅलिनच्या बरणीत असते, वनस्पतिशास्त्र विभाग दुसऱ्या मजल्यावर असतो, आणि सहकारी संस्थेचा कायदा वाणिज्यच्या पोरांना प्रश्न क्रमांक चार म्हणून येतो. तिघांची गाठ पडते ती कँटीनमध्ये.

पण मी तलाव निवडला तो केवळ त्यात सगळे विषय आहेत म्हणून नाही. त्यात तोटा आहे म्हणून. पावसाने डोळे वटारले की कोजागिरीच्या सुमाराला धान निसवलेलं असतं आणि शेवटचं एक पाणी हवं असतं. शेतकरी म्हणतो, पाणी सोडा, नाहीतर लोंब्या पोचट राहतील. ढिवर म्हणतो, आत्ता तलाव रिकामा केलात तर आमचा मासा वाढायचा कधी, उन्हाळ्यात खायचं काय? दोघंही खरं बोलतात. पाणी तेवढंच असतं. कोणाचा तरी तोटा होणारच. तो किती, कोणाच्या वाट्याला, आणि त्याची भरपाई गावात कशी करायची, याचा हिशेब मांडता येणं हे मला उद्योजकतेचं पहिलं प्रकरण वाटतं. इथे क्विंटलचा भाव लागतो, पाण्याची खोली लागते, जातींचा इतिहास लागतो, ठेक्याचा करार वाचता यावा लागतो, आणि समोरच्याचं बोलणं न तोडता ऐकण्याची सवय लागते. वस्तू एकच आहे. विषय आपणहून येतात.

गोंदियाहून चांदाफोर्टच्या गाडीत बसा. अर्जुनी गेली की वडसा, पुढे ब्रह्मपुरी, नागभीड. त्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे राहत. तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 च्या सुमारास त्यांना आपल्या धानात वेगळ्या रंगाच्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळं ठेवलं, वर्षामागून वर्षं लावलं, पारखलं, आणि त्यातून बारीक दाण्याचा वाण उभा राहिला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं. 1994 मध्ये कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं, आणि 1998 मध्ये विद्यापीठाच्या नावासह तोच वाण प्रसृत झाला. विद्यापीठाचं म्हणणं असं की आम्ही शुद्धीकरण केलं. दादाजींचं म्हणणं असं की मूळ बी माझं, श्रेय कुठे आहे? 2005 मध्ये त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा नवोपक्रमाचा पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. 3 जून 2018 ला ते गेले, आणि अखेरपर्यंत आर्थिक ओढाताण सुटली नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किती राईस मिलमधून, किती ताटांत एचएमटी गेला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मला इथे दोषाची वाटणी करायची नाही. बियाण्याचं शुद्धीकरण हेही खरं काम आहे, त्याला शास्त्र लागतं. मी एवढंच विचारतो की उद्योजकतेच्या आपल्या पाठ्यक्रमात दादाजी कुठे बसतात? 'यशस्वी उद्योजक' या घटकात ते बसत नाहीत, कारण पैसा झाला नाही. 'अपयशाची कारणे' यातही बसत नाहीत, कारण वाण तर देशभर गेला. त्यांच्याबद्दल शिकवायचं तर बियाण्याच्या हक्काचा 2001 चा कायदा काढावा लागेल, वाण कसा निवडतात ते शेतात दाखवावं लागेल, आणि विद्यापीठ नावाच्या संस्थेने स्वतःकडेही पाहावं लागेल. शेवटचं आम्हाला जड जातं.

वडसा मघाशी ओलांडून गेलो, तिथे जरा मागे येऊ. झाडीपट्टीच्या नाटकांचं ते ठाणं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावातली विशी-बाविशीची पोरं मंडळ करतात, कंपनीशी रक्कम ठरवतात, तारीख धरतात, मंडप, वीज, परवानगी, तिकीट, शेजारच्या गावात त्याच रात्री कोणतं नाटक आहे त्याची टेहळणी, सगळं करतात. थंडीत रात्रभर प्रेक्षक बसतो. नफा झाला तर गावाच्या कामाला, बुडाले तर पोरांच्या खिशातून. आणि दुसऱ्या दिवशी पारावर हिशेब सांगावा लागतो. चहाच्या पैशापर्यंत विचारणारे म्हातारे तिथे बसलेले असतात! हीच पोरं सोमवारी वर्गात येतात तेव्हा आमच्या हजेरीपटावर गैरहजर असतात आणि 'इव्हेंट मॅनेजमेंट'च्या चाचणीत नापास होतात.

तीच गत तेंदूची. मे महिन्यातले पंधरा-वीस दिवस हंगाम. पहाटे जंगल, दुपारी घरभर बसून सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीत आणि आपल्या देवरी भागातही ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या मजुरी घेत होते त्यांना एकदम विक्रेता व्हावं लागलं: करार, आगाऊ रक्कम, वाहतुकीचे परवाने, वाटप. एखाद्या वर्षी भाव चढतो, पुढच्या वर्षी व्यापारी दारात येत नाही. उद्योजकता प्रत्यक्ष पाहायची तर इतकी जवळची शाळा दुसरी नाही. आणि त्याच मे महिन्यात विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा असते. जुलैत रोवणी असते तेव्हा प्रवेशाच्या रांगा. आपलं शैक्षणिक वर्ष कोणाच्या शेतावर बेतलेलं आहे, मला कधी कळलं नाही.

मोहाचंही थोडं सांगून टाकतो. ती मुलगी ज्या फुलांचे लाडू करत होती, त्यांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर दारूबंदी कायद्याखाली वर्षानुवर्षं निर्बंध होते. 2021 मध्ये राज्याने ते उठवले. म्हणजे त्या उद्योगातलं सगळ्यात मोठं 'नावीन्य' शासनाच्या एका निर्णयात होतं. आम्ही परीक्षकांनी मात्र तिला वेष्टनाचा रंग बदलायला सांगितला.

आता आक्षेप. मी व्याख्यानाची तयारी करत होतो तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर विचारलं, "सर, तुम्ही म्हणता तोटा शिकवा. म्हणजे गरिबाच्या पोराने नुकसान सोसायचं का?" प्रश्न रास्त आहे. वर्ध्याच्या वादातला तोच काटा आहे. विद्यार्थ्याच्या अंगावर पैशाचा तोटा टाकला तर तो त्याच्या अंगावर राहत नाही, आईच्या पदरात जातो, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणि सगळा तोटा महाविद्यालयाने उचलला तर पोरगं पुन्हा पणत्याच रंगवणार.

मला वाटतं इथे दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. तोटा सोसणं एक, आणि तोट्याबद्दल उत्तर देणं दुसरं. पैसा महाविद्यालयाने सोसावा. लहानसा निधी असावा, बुडाला तर बुडाला. पण ज्यांच्यावर परिणाम झाला त्या माणसांसमोर उभं राहून वही वाचायची, ती विद्यार्थ्याने. ड्युईच्या भाषेत, भोगण्याचं अंग रुपयात नसलं तरी चालेल, ते समोरच्या माणसाच्या प्रश्नात असलं पाहिजे. आमच्या सभागृहात प्रश्न विचारणारा परीक्षक चहा पिऊन निघून जातो. तलावाच्या पाळीवर प्रश्न विचारणारा माणूस उद्याही तिथेच असतो.

असं काही होऊ शकतं का? पाबळला झालं. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. 1983 मध्ये त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, तोही शाळा सोडलेल्या पोरांसाठी. पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज शिकायची ती गावाला खरी सेवा देऊन, आणि गाव त्याचे पैसे द्यायचं. यातली खुबी पैशात नाही. पैसे दिलेलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. ते परत येणं म्हणजे परीक्षा. विद्यापीठांनी पाबळहून यंत्रं पाहून येण्याऐवजी ही तक्रार घेऊन आली असती तर बरं झालं असतं.

आपल्याकडे मी काय करीन ते सांगतो. एका महाविद्यालयाने एक तलाव घ्यावा. तीन वर्षं, तोच तलाव, येणाऱ्या प्रत्येक तुकडीने. पहिल्या वर्षी मोजणी: पाणी, गाळ, झाडं, मासे, कोणाचे कोणते हक्क. दुसऱ्या वर्षापासून मच्छीमार संस्थेच्या आणि शेतकऱ्यांच्या संमतीने एखादं काम हाती घ्यावं. मासळी साठवण्याची सोय असेल, बेशरमचा बंदोबस्त असेल, गाळाची विक्री असेल. वर्षातून दोनदा, एकदा कोजागिरीला आणि एकदा उन्हाळ्यात, पाळीवर बसून हिशेब वाचायचा. गुण त्यालाच. पडद्याची गरज नाही, तिथे वीजही नसते.

यात एक अडचण अशी आहे की तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आज आपल्या बहुतेक महाविद्यालयांत शिकवणारा माणूस तासिका तत्त्वावर आहे. वर्गात उभा राहिला तर तासाचे पैसे. तलावावर पहाटे सहाला जाऊन पोरांबरोबर पाण्यात उतरला तर तो तास कोणत्या रजिस्टरमध्ये लिहायचा? आंतरविद्याशाखीय शिक्षणाबद्दलची किती परिपत्रकं मी वाचली, त्यांतलं एकही या प्रश्नाला शिवत नाही. नेट झालेली, डॉक्टरेट केलेली पोरं पस्तिशीत तासांवर जगताहेत, आणि आपण त्यांना सांगतो की विद्यार्थ्यांत जोखीम घेण्याची वृत्ती रुजवा. त्यांच्याइतकी जोखीम या सभागृहात कोणी घेतलेली नाही, मी तर नाहीच. मला कायमची नोकरी होती, पेन्शन आहे. त्यांचा पाळीवरचा तास मोजला जात नाही तोवर मी वर सांगितलेलं सगळं कागदावरच राहील, हे मला माहीत आहे. म्हणून कुलगुरूंना, प्राचार्यांना, संस्थाचालकांना माझी विनंती आहे, आणि इथे बसलेत त्यांतल्या काहींनाही: निधीची सुरुवात करायची तर त्या तासापासून करा.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं मला विचारतात. ती पदवी घेऊन बाहेर पडली, एवढं कळलं. लाडू पुन्हा केले की नाही, माहीत नाही. पुढच्या महिन्यात मला पुन्हा एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं आहे. मी कळवलं आहे की येतो, पण गुणपत्रिकेत 'तोटा कोणाचा, आणि त्याला काय सांगितलं?' असा एक रकाना वाढवा, आणि त्याला सादरीकरणापेक्षा जास्त गुण ठेवा. अजून उत्तर आलेलं नाही.

तिकडे मागे हात वर दिसतो आहे. विचारा.